खमकी नायिका प्रेमात पडली की तिची धार का जाते?

अर्धविराम:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज विचारायचंच ठरवलं. कादंबरी लिहितेय, पहिला ड्राफ्ट झालाय आणि ज्यांनी ज्यांनी वाचला त्या सगळ्यांनी थोड्याफार फरकाने एकच विचारलं, की सुरुवातीची बाई पुढे गेली कुठे?

नायिका मालवाहू जहाजाची कॅप्टन आहे, चाळिशीच्या आसपासची, कमी बोलणारी, शब्दाला पक्की, कुणी चुकलं तर चारचौघात न बोलता केबिनमध्ये बोलावून झापणारी. हिरो त्याच जहाजावरचा चीफ इंजिनियर. पहिल्या अर्ध्यात ती वादळातून जहाज काढते, कंपनीच्या दबावाला पुरून उरते, वाचणाऱ्यांना ती आवडते. मग प्रेम सुरू होतं आणि तिथून पुढे ती त्याच्या मेसेजची वाट बघत बसते, साध्या साध्या गोष्टीत त्याच्या तोंडाकडे बघते, आणि शेवटी इंजिन रूमला आग लागते तेव्हा ती खाली धावते, धुरात बेशुद्ध पडते आणि तो तिला उचलून बाहेर आणतो.

प्रेमकथा मला काढायची नाहीये. ती हळवी झालेलीही मला हवीये, फक्त बावळट नकोय. अशा नायिकेला कुठले ट्रोप्स, म्हणजे गोष्टींमध्ये परत परत येणारे ठरलेले साचे, चालतात, कुठले तिला मारून टाकतात? एनिमीज टू लव्हर्स (आधी वैर, मग प्रेम), स्लो बर्न (हळूहळू फुलणारं प्रेम), हिरोने वाचवणं, लव्ह ट्रँगल, काहीही चालेल, मनापासून सांगा.

कातरवेळ:

हळवी हवी, बावळट नको, यातच सगळं आलं की गं.

माझ्या मते तुझ्याकडे जो ट्रोप नकळत शिरलाय तो वितळण्याचा. बाई कडक, मग एक पुरुष येतो, त्याच्या प्रेमाने ती मऊ होते आणि कथा म्हणते बघा आता ही खरी स्त्री झाली. म्हणजे तिचं कणखर असणं हाच आजार आणि हिरो म्हणजे औषध. हे काही आजकालचं नाहीये. साधारण १२००च्या सुमाराचं निबेलुंगेनलीड नावाचं जर्मन महाकाव्य आहे, त्यात ब्रुनहिल्ड राणीची अट असते की भालाफेक, दगड फेकणं आणि उडी यात जो मला हरवेल त्याच्याशीच लग्न. तिच्याशी लग्न करायला आलेल्या गुंथर राजाच्या अंगात ते बळ नाही म्हणून त्याच्या बरोबरचा वीर सिगफ्रीड अदृश्य करणारं वस्त्र घालून त्याच्या जागी जिंकतो. लग्नाच्या रात्री ती गुंथरला बांधून खुंटीला टांगून ठेवते, मग दुसऱ्या रात्री परत सिगफ्रीड अंधारात येऊन तिला वठणीवर आणतो आणि त्यानंतर तिचं बळ जातं ते जातंच, चारचौघींसारखी होते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा भयंकर राग आला होता, कारण तिची फसवणूक झाली हे कवीला दिसतंय, तरी शक्ती तिचीच गेली.

याच्या शेजारी आपलं मानापमान ठेवून बघ, १९११ सालचं. भामिनी श्रीमंतीच्या तोऱ्यात धैर्यधराचा अपमान करते, पुढे वनमाला बनून त्याच्या जवळ जाते आणि प्रेमात पडते. तिचाही तोरा उतरतो, खरंय, आणि त्यातलं काही काही मलाही खटकतं. पण तिथे ती वेश बदलून स्वतः जाते, स्वतःच्या डोळ्यांनी माणूस पारखते आणि आपलं मत बदलते. मत बदलणं वेगळं आणि बळ जाणं वेगळं. तुझ्या कॅप्टनचं प्रेमाने मत बदलू दे, पूर्वग्रह जाऊ दे, एकटं राहायची सवय मोडू दे, पण जहाज चालवायची अक्कल कशाला जायला हवी?

एक कर, ड्राफ्टमध्ये ती पहिल्यांदा त्याच्याकडे "आता काय करू" अशा नजरेने बघते ते पान शोध. तिथून मागे जाऊन दुरुस्ती कर, शेवटाकडून नको.

निशाचर:

मी वेगळं सांगणार. प्रेमाचा ट्रॅक काढून टाक. पहिला अर्धा भाग तू जसा सांगितलास तेवढाच मला वाचायचाय. कर्तबगार पुरुषाच्या गोष्टीत प्रेम नसलं तर कोणाला काही कमी वाटत नाही, बाईच्या गोष्टीत मात्र शेवटी कोणीतरी हवाच, नाहीतर म्हणे ती अपुरी. वाचक म्हणून याचा मला खरंच कंटाळा आलाय. तिला मैत्रिणी दे, काम दे, समुद्र दे, बास.

शेवंती:

निशाचर, तुमचा कंटाळा समजतो, पण प्रेम काढलं की बाई आपोआप बळकट होते हे नाही पटत. प्रेम हेच तिचं कर्तृत्व असलेल्या नायिका आपल्याकडे किती जुन्या आहेत. सावित्री सगळ्यांना माहितीये, नवरा वर्षभरातच जाणार हे नारदांनी सांगितल्यावरही "एकदा निवडला तो निवडला" म्हणणारी आणि यमाशी बोलून बोलून त्याला परत आणणारी. पण मला तिच्यापेक्षा दमयंती जास्त जवळची वाटते आणि लेखकांनी नलोपाख्यान नीट वाचावं असं मी नेहमी सांगते, महाभारताच्या वनपर्वात आहे.

आपल्या डोक्यात दमयंती म्हणजे हंस, स्वयंवर आणि जंगलात टाकून दिलेली बिचारी, एवढंच असतं. प्रत्यक्षात बघा ती काय काय करते. स्वयंवरात चार देव नळाचं रूप घेऊन बसलेले, समोर पाच सारखे नळ, तेव्हा ती देवांनाच साकडं घालते की तुमची खरी ओळख दाखवा, आणि मग खुणा बघते, देवांना घाम येत नाही, पापणी लवत नाही, माळ सुकत नाही, पाय जमिनीला लागत नाहीत, आणि ज्याला घाम आलाय, ज्याची माळ कोमेजलीये त्या माणसाला निवडते. देव सोडून माणूस निवडलाय हो तिने! पुढे नळ द्यूतात सगळं घालवतो, तिचं अर्धं वस्त्र कापून घेऊन तिला जंगलात झोपलेली सोडून जातो. ती रडते, भरपूर रडते, आणि रडत रडत चालायला लागते. माहेरी पोचल्यावर गप्प बसत नाही. ब्राह्मणांना गावोगाव पाठवते आणि सगळीकडे एकच प्रश्न बोलायला लावते ज्याचं उत्तर फक्त नळच देऊ शकेल. अयोध्येत ऋतुपर्ण राजाच्या बाहुक नावाच्या सारथ्याने उत्तर दिलं असं कळतं. मग ती वडिलांना न सांगता, फक्त आईला विश्वासात घेऊन, ऋतुपर्णाला निरोप धाडते की दमयंतीचं दुसरं स्वयंवर उद्याच आहे. एका दिवसात एवढं अंतर घोडे पळवू शकणारा सारथी एकच, त्यामुळे जो घेऊन येईल तो नळ. आल्यावरसुद्धा लगेच गळ्यात पडत नाही, केशिनी दासीला पाठवून त्याची परीक्षा घेते, त्याने शिजवलेलं मागवून चाखते, मुलांना त्याच्यासमोर पाठवते, आणि खात्री पटल्यावर त्याला समोर बोलावून विचारते की झोपलेल्या बायकोला रानात सोडून जाणारा माणूस कधी पाहिलायस का.

आता यात ती हळवी नाही असं कोण म्हणेल? पूर्ण गोष्ट विरहाने भरलेली आहे. पण प्रेमामुळे तिची बुद्धी जास्त चालते, कमी नाही चालत. अर्धविराम, तुमच्या कॅप्टनला मेसेजची वाट बघू देत की, वाट बघणं वाईट नाही, पण वाट बघताना ती काय करते ते लिहा.

खारावारा:

मी जहाजावर नोकरी केलेला माणूस आहे, इंजिन साइडला. प्रेमकथांमधलं फार कळत नाही पण तुमचा शेवट वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आगीच्या वेळी कॅप्टन खाली धावत नाही. तिची जागा ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवतात त्या वरच्या खोलीत. जहाज कुठे वळवायचं, धूर कुठल्या बाजूला जाईल, कोणाला कळवायचं, आग विझवणाऱ्या टीमला आत कधी पाठवायचं, हे सगळं तिच्याकडे. खाली धावली तर ती शूर नाही, तिने जहाज वाऱ्यावर सोडलं. त्यामुळे तिला धुरातून उचलून आणायचा प्रश्नच येत नाही, तो सीन आमच्यातला कोणी वाचला तर पुस्तक मिटून ठेवेल.

आणि खरा सीन याहून कितीतरी भारी आहे. इंजिन रूमची आग हाताबाहेर गेली की शेवटचा उपाय म्हणजे सगळी दारं, हवेचे मार्ग बंद करून आत कार्बन डायऑक्साइड सोडायचा. आग गुदमरते. पण आत माणूस असेल तर तोही मरतो. म्हणून आधी हजेरी घेतात, एकेक डोकं मोजतात, आणि सोडायचा हुकूम कॅप्टनचा असतो. आता हजेरीत एक माणूस कमी आहे आणि तो चीफ आहे असं समजा. उशीर केला तर अख्खं जहाज आणि बाकीचे सगळे धोक्यात. यात तिला बेशुद्ध वगैरे करायची गरज पडते का सांगा?

दुसरं, कॅप्टन आणि चीफ या जोडीत भांडण आपोआप आहे, तुम्हाला ओढूनताणून गैरसमज घालायला नको. तिला वेळेत बंदर गाठायचंय, तो म्हणतो बेअरिंगचं तापमान वाढतंय, स्पीड कमी करा. जहाजाच्या आणि माणसांच्या सुरक्षेबाबत शेवटचा शब्द कॅप्टनचा, कंपनीलासुद्धा त्यात आडवं येता येत नाही, आंतरराष्ट्रीय नियमच आहे तसा. पण मशिनरी चीफला जितकी कळते तितकी तिला कळत नाही हेही तिला ठाऊक असतं. अशा वेळी दोघं एकमेकांशी कसं बोलतात त्यावरून माणूस कळतो. चांगला चीफ लपवत नाही आणि घाबरवतही नाही. चांगली कॅप्टन ऐकून घेते आणि मग आपण ठरवते.

आणि हो, अधिकाराचा मुद्दा विसरू नका. बहुतेक ठिकाणी चीफच्या कामाबद्दलचा शेरा कॅप्टन लिहिते. म्हणजे तिने आपणहून काही बोललं आणि त्याला नको असेल तर तो नाही कसा म्हणणार? पुरुष कॅप्टन असता तर तुम्ही हा विचार केलाच असता. तिचाही करा.

कातरवेळ:

खारावारा, अहो हे शेवटचं फार महत्त्वाचं बोललात. कणखर नायिकेच्या हातात सत्ता असते आणि लेखक ती फक्त मिरवायला वापरतात, प्रेमात ती सत्ता आडवी येते हे लिहितच नाहीत. स्लो बर्नला याच्यापेक्षा चांगलं कारण मिळणार नाही. ती बोलत नाहीये ती लाजते म्हणून नाही, बोललं तर त्याला मोकळेपणाने नकार देता येणार नाही म्हणून. तो जहाजावरून उतरेपर्यंत थांबणं हा तिच्या स्वभावाचा भाग झाला, आणि वाचकाला तो संयम ओळीओळीत जाणवतो.

अर्धविराम:

तुम्ही सगळे काय लिहिताय, मी वहीत उतरवून घेतेय. आगीचा सीन आता वेगळाच दिसायला लागला. पण मग तिला कोणी वाचवूच नये का? आणि एनिमीज टू लव्हर्सबद्दल पण सांगा, सुरुवातीला तो तिच्याबद्दल लोकांमध्ये वाईट बोलतो असं मी ठेवलंय.

पानगळ:

वाचवू दे की, खुशाल वाचवू दे. कणखर बाईला मदत लागली की ती कमी झाली हा पण एक चुकीचा समज आहे आणि त्यातून ती काही न लागणारी, कधी न थकणारी, पोलादी नायिका तयार होते जिच्याशी वाचकाचं काही नातंच जुळत नाही. मी वाचताना दोनच गोष्टी बघते. एक, वाचवणं एकतर्फी आहे का. दोन, ज्या कामात ती तरबेज आहे त्याच कामात तिला अचानक अडाणी करून वाचवलंय का. पोहणारी बुडते, वकील बाई कोर्टात गप्प होते, आणि मग तो येतो, हे नको. तिला जे येत नाही तिथे त्याला येऊ दे. तुझ्या कॅप्टनला झोप येत नसेल, घरच्यांशी बोलता येत नसेल, माफी मागता येत नसेल. तिथे तो कामाला येऊ दे.

एनिमीज टू लव्हर्स मला प्रचंड आवडतो, पण शत्रुत्व कशावरून आहे ते बघ. दोघांचं काही मोलाच्या गोष्टीवरून भांडण असेल, तिला वेळ पाळायचीये आणि त्याला मशीन वाचवायचंय, तर त्या भांडणातून आदर निघतो कारण दोघंही बरोबर असतात. पण तो तिच्या मागे चारचौघांत तिचा अपमान करत असेल, बाई आहे म्हणून हिणवत असेल, तर ते भांडण नाही, तो छळ आहे आणि पुढे तो कितीही डोळे भरून बघो, मला त्याच्याबद्दल प्रेम वाटणार नाही. ठेवायचंच असेल तर त्याला त्याची किंमत मोजायला लाव. ज्यांच्यासमोर बोलला त्यांच्यासमोर चूक कबूल करायला लाव, आणि तेही ती तिथे नसताना. तिला खूश करायला केलेली कबुली काही कामाची नाही.

लव्ह ट्रँगल मी तरी टाळेन. दोन पुरुष आणि मध्ये ती, म्हणजे तीनशे पानं वाचक एवढंच विचारत राहतो की कोणाला निवडेल, आणि तिचं स्वतःचं काम बाजूला पडतं. अपवाद असतात, पण तुझ्या गोष्टीत समुद्र आहे, कंपनी आहे, हाताखालची माणसं आहेत, तिसऱ्याला जागाच नाहीये.

निशाचर:

मी आधी म्हणलं ट्रॅक काढून टाक, पण खारावारांचा आगीचा सीन वाचून मत बदललं. प्रेम नसतं तर तो सीन एवढा लागला नसता हे खरंय. ठेव.

पण एक विनंती. तिचा कणखरपणा कुठून आला याचं उत्तर म्हणून भूतकाळात एखादा पुरुष घालू नकोस. वाईट नवरा, धोका देणारा प्रियकर, अत्याचार, आणि मग ती दगड झाली, आता चांगला पुरुष येऊन दगडाचं माणूस करणार. अशा गोष्टी जगात घडतात आणि कोणी प्रामाणिकपणे लिहिल्या तर त्यांचा मान आहेच, पण प्रत्येक खमक्या बाईच्या मागे जखम असलीच पाहिजे असं का? काही बायका लहानपणापासून तशाच असतात. काहींना काम आवडतं म्हणून त्या कामात पक्क्या होतात. कॅप्टन होईपर्यंत तिने खालच्या हुद्द्यापासून वर्षानुवर्षं वॉच, म्हणजे पाळीच्या ड्युट्या, केल्या असतील, परीक्षा दिल्या असतील, तेवढं पुरे नाही का कणखर व्हायला?

आणि तिला एक तरी बाई दे जिच्याशी ती या माणसाशिवाय दुसरं काही बोलेल.

खारावारा:

निशाचर बरोबर बोललात. कॅडेटपासून चढत चढत, प्रत्येक टप्प्याला समुद्रावरची ठरलेली सर्व्हिस आणि परीक्षा, अशी कॅप्टन होते. एखादी नवी मुलगी कॅडेट म्हणून दाखवा ना जहाजावर, कॅप्टन तिला शिकवतेय. त्यातून बाई कळेल.

अजून एक आठवलं. कॅप्टन रात्री झोपायला जाण्याआधी नाइट ऑर्डर्सच्या वहीत लिहून ठेवते की रात्री काय लक्ष ठेवायचं, कोर्स कुठे बदलायचा, आणि बहुतेक सगळ्यांच्या वहीत एक वाक्य असतंच, शंका आली तर मला उठवा. वॉचवरचे अधिकारी वाचून सही करतात. तुम्हाला हळवेपणा दाखवायचा असेल तर मेसेजपेक्षा हे वापरा. जी बाई सगळ्यांना हक्काने सांगते की मला उठवा, तिला स्वतःला कधी कोणाला उठवावंसं वाटलं आणि ती खरंच फोन उचलून इंजिन कंट्रोल रूमला लावते, तेही काम नसताना. आमच्या लोकांना हे वाचून कळेल की बाई प्रेमात पडली.

अर्धविराम:

हे वाचून पाच मिनिटं नुसती बसून होते. घेतेय हे, तुमची परवानगी आहे असं धरते.

आता अडलंय ते शेवटाशी. दोन गोष्टी. एक, हजेरीत चीफ कमी आहे तेव्हा तिने थांबावं की हुकूम द्यावा? थांबली तर म्हणतील प्रेमापायी जहाज धोक्यात घातलं, नाही थांबली तर म्हणतील दगड आहे. दोन, पुढे दोघं एकत्र कसे राहणार, कोणीतरी नोकरी सोडायला हवी का?

शेवंती:

दुसऱ्याचं मी सांगते. घाईने कोणाची नोकरी सोडायला लावू नका. १८४७च्या जेन एअर या इंग्रजी कादंबरीत बघा, नायिका ज्याच्यावर जीव आहे त्याची आधीची बायको जिवंत आहे हे कळल्यावर घर सोडून जाते, हातात काही नसताना. परत येते ती काकाच्या इस्टेटीतले वीस हजार पौंड मिळाल्यावर, तेही चार भावंडांत सारखे वाटून स्वतःचे पाच हजार घेऊन, आणि स्वतःच्या मर्जीने. ती गरज म्हणून परत येत नाही हे महत्त्वाचं, प्रेम तेच होतं, तिची जागा बदलली होती. तुमची कॅप्टन आणि तो वेगवेगळ्या जहाजांवर काही महिने, मग एकत्र काही महिने, असे राहू शकतात. लग्न, घर, एका छताखाली राहणं हाच शेवट असतो असं कोणी सांगितलंय? दोघांच्या सुट्ट्या जुळवतानाची ओढाताण लिहा, ती फार गोड होईल.

खारावारा:

पहिल्याचं माझ्याकडून. थांबणं आणि न थांबणं एवढे दोनच पर्याय नसतात. हजेरी कमी आहे म्हटल्यावर कोणताही कॅप्टन, प्रेम असो नसो, आधी शोधायचा प्रयत्न करतोच. ती श्वसनाची उपकरणं घालून टीम आत पाठवेल, त्यांना वेळ ठरवून देईल, सिलेंडरमधली हवा किती मिनिटं पुरते त्याचा हिशोब असतोच, आणि तोवर बाकीची तयारी करून ठेवेल. चीफच्या जागी नवा ऑइलर, म्हणजे इंजिन रूममधला साधा खलाशी, असता तरी तिने हेच केलं असतं आणि तेवढाच वेळ दिला असता, ना एक मिनिट कमी ना जास्त. हे वाचकाला आधीच्या एखाद्या ड्रिलमध्ये दाखवून ठेवा, तिने आकडा तेव्हाच सांगितलेला असू दे.

चीफला वॉकीटॉकीवर "माझी वाट बघू नको" असलं काही बोलायला लावू नका. मग निर्णय त्याचा होतो. खरा चीफ माहिती देईल. आग कुठल्या बाजूला आहे, कुठलं दार बंद केलंय, पंप चालू आहे की नाही, आणि आपण कुठल्या प्लॅटफॉर्मवर आहोत. एवढंच सांगेल आणि गप्प बसेल, कारण पुढचं तिचं काम आहे हे त्याला माहितीये.

कातरवेळ:

आणि तो गप्प बसतो ना, तिथेच तो तिच्यावर प्रेम करतो हे वाचकाला कळणार आहे, त्याला वेगळा डायलॉग देऊ नकोस. हे प्रकरण आधी लिहून काढ अर्धविराम, मधलं नंतर. झालं की इथे टाक, मला वाचायचंय.